हिशेबी सेनापती : सदाशिवरावभाऊ

मराठी भाषेत 'पानिपत होणे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. निवडणुकीत, व्यापारात किंवा खेळात कोणाचा पुरता धुव्वा उडाला की त्याचे पानिपत झाले असे म्हटले जाते. पानिपत हे गाव दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटर अंतरावर आहे आणि आज ते हरियाणा राज्यात मोडते. पुण्यापासून इतक्या दूरच्या एका गावाचे नाव मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात येऊन बसले, याचे कारण तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी झालेली लढाई हे होय. अफगाणिस्तानचा बादशहा अहमदशहा अबदाली आणि मराठे यांच्यात झालेल्या या लढाईत मराठी फौजेचे सेनापतिपद सदाशिवरावभाऊ यांच्याकडे होते.

भाऊसाहेबांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पोवाडे, बखरी, नाटके आणि कादंबऱ्या यांतून त्यांचे शौर्य, त्यांचा मानी स्वभाव आणि त्यांचा रणांगणावरील अंत यांचे वर्णन आढळते. मात्र या वर्णनांत तलवारीचा खणखणाट जितका ऐकू येतो, तितका जात्याचा घरघराट ऐकू येत नाही. पानिपतची लढाई एका दिवसात संपली. परंतु तिच्याआधी अडीच महिने त्याच मैदानावर धान्याची, वैरणीची आणि लाकूडफाट्याची लढाई चाललेली होती. ही आधीची लढाई मराठे हरले आणि म्हणूनच त्यांना १४ जानेवारीची लढाई शत्रूला सोयीच्या वेळी, उपाशी पोटी लढावी लागली. विशेष असे की, ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला ते भाऊसाहेब पेशवाईतील सर्वांत काटेकोर हिशेबनीस म्हणून नावाजलेले होते.

सदाशिवराव हे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांचे पुत्र. त्यांचा जन्म ऑगस्ट १७३० मध्ये झाला. जन्मानंतर महिनाभरातच त्यांची आई रखमाबाई वारली. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकून घेणारे चिमाजी आप्पा १७४० च्या डिसेंबरात निवर्तले, तेव्हा सदाशिवराव अवघे दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजीरावांचेही निधन झाले होते. आईवडिलांवाचून पोरक्या झालेल्या या मुलाचा सांभाळ आजी राधाबाई यांनी केला. बाजीरावांचे थोरले पुत्र नानासाहेब पेशवेपदावर आले. ते सदाशिवरावांचे चुलतबंधू आणि वयाने दहा वर्षांनी मोठे. पुढे या दोघा भावांची जोडी पेशवाईच्या कारभाराचा कणा ठरली.

सदाशिवरावांचे शिक्षण साताऱ्यास छत्रपती शाहूंच्या दरबारी वातावरणात झाले. रामचंद्रबाबा शेणवी या मुरब्बी मुत्सद्द्याने त्यांना राजकारण आणि जमाखर्च या दोन्ही गोष्टी शिकवल्या. त्या काळी सरदारांच्या मुलांना घोड्यावर बसणे आणि भाला चालवणे शिकवले जाई. हिशेबाची वही वाचणे हे कारकुनांचे काम समजले जाई. भाऊसाहेबांना मात्र त्या वहीची गोडी लागली. १७४६-४७ मध्ये त्यांनी कर्नाटकात पहिली मोहीम केली. १७५० मध्ये सांगोल्याचा बंडावा मोडून त्यांनी छत्रपतींच्या राज्याचा कारभार पेशव्यांच्या हाती आणणारा करार घडवून आणला. त्याच सुमारास दिवाणगिरीवरून दोघा भावांत थोडी कटुता आली. पण ती लवकरच निवळली आणि भाऊसाहेब पेशव्यांचे मुख्य कारभारी झाले.

पुढील दहा वर्षे पुण्याच्या फडावर, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, भाऊसाहेबांचा शब्द अखेरचा होता. प्रांतोप्रांतीचे कमाविसदार वसूल गोळा करून पुण्यास पाठवत. कोणी किती वसूल केला, त्यातून फौजेवर किती खर्च दाखवला, बाकी किती राहिली, ती का राहिली, याची छाननी भाऊसाहेब स्वतः करीत. त्यामुळे ढिलाईने वागणाऱ्या अंमलदारांना त्यांचा धाक वाटे, आणि काहींना रागही येई. नानासाहेबांच्या काळात मराठी राज्याचा विस्तार वेगाने झाला, तसे कर्जही वाढत गेले. नानासाहेबांचे धाकटे बंधू रघुनाथराव १७५८ मध्ये पंजाबात लाहोरपर्यंत गेले. त्यांचा पराक्रम मोठा होता, पण परत येताना त्यांनी सोबत आणली ती कर्जाची भली मोठी रक्कम. मोहिमेवर गेलेल्या सेनापतीने असा तोटा का आणावा, हा प्रश्न भाऊसाहेबांनी विचारला. या प्रश्नावरून घरात बोलाचाली झाली. पुढील उत्तरेकडील मोहीम रघुनाथरावांऐवजी भाऊसाहेबांकडे येण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते.

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे भाऊसाहेबांनी निजामाचा पराभव केला. इब्राहीमखान गारदी याच्या कवायती पायदळाचा आणि तोफखान्याचा या विजयात मोठा वाटा होता. सुमारे साठ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे आला. विजयाचा आनंद ओसरण्यापूर्वीच उत्तरेतून वाईट बातमी आली. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे अबदालीच्या आणि नजीबखान रोहिल्याच्या फौजेशी लढताना मारले गेले होते. मार्च महिन्यात परतूर येथे पेशव्यांनी मसलत केली आणि भाऊसाहेबांना उत्तरेस पाठवण्याचे ठरले. नानासाहेबांचा सतरा-अठरा वर्षांचा पुत्र विश्वासराव त्यांच्यासोबत निघाला.

ही फौज आधीच्या मराठी फौजांसारखी नव्हती. थोरल्या बाजीरावांचे घोडदळ हलके असे. स्वार घोड्याच्या खोगिराशी दोन दिवसांची भाकरी बांधून निघत आणि शत्रू जागा होण्यापूर्वी पन्नास मैल पुढे गेलेले असत. भाऊसाहेबांबरोबर जड तोफा होत्या, पायदळ होते, मोठमोठे तंबू होते. त्याशिवाय सरदारांची कुटुंबे, काशी-प्रयागची यात्रा घडेल म्हणून निघालेले यात्रेकरू, दुकानदार, नोकरचाकर असा फार मोठा लवाजमा होता. अशा न लढणाऱ्या लोकांना त्या काळी बुणगे म्हणत. लढणारे सुमारे पन्नास हजार असतील तर बुणग्यांची संख्या त्याहून पुष्कळ अधिक होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मोठ्या फौजेबरोबर बाजार चाले आणि मोठ्या फौजेच्या सावलीत प्रवास सुरक्षित होई. पण प्रत्येक तोंडाला दररोज अन्न लागते.

याचा ढोबळ हिशेब मांडून पाहता येतो. छावणीत दीड लाख माणसे धरली आणि माणशी रोज केवळ अर्धा किलो धान्य धरले, तरी दिवसाला साडेसातशे क्विंटल धान्य हवे. पाठीवर ओझे वाहणारा बैल सव्वा क्विंटलच्या आसपास गोणी नेतो. म्हणजे केवळ माणसांच्या पोटासाठी दररोज सहाशे भरलेले बैल छावणीत यायला हवेत. आणि आज आलेले बैल उद्या परत धान्याच्या मुलखाकडे जायला हवेत. घोड्यांचा हिशेब याहून अवघड. घोड्याला रोज दोन-तीन किलो दाणा आणि त्याच्या कितीतरी पट वैरण लागते. हत्ती, उंट आणि तोफा ओढणारे बैल वेगळेच. एवढे ओझे बरोबर घेऊन कोणतीही फौज चालू शकत नव्हती. धान्याचा पुरवठा, म्हणजेच रसद, वाटेवरच्या मुलखातून मिळवावी लागे. बंजारी किंवा लमाण व्यापारी हजारो बैलांचे तांडे घेऊन फौजांच्या मागोमाग हिंडत आणि धान्य विकत. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असत : हातात रोख पैसा आणि मोकळा रस्ता.

या बाबतीत शिवाजी महाराजांची दृष्टी किती दूरची होती, हे त्यांनी चिपळूणच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना पाठवलेल्या पत्रावरून कळते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळून टाकाल तर पुढे घोडी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरात शिरतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्या फौजेचे पोट आणि परक्याची सहानुभूती यांचा संबंध त्यांनी अचूक ओळखला होता. पुढच्या शंभर वर्षांत उत्तर हिंदुस्थानात मराठ्यांनी चौथाई आणि खंडणी वसूल करताना हा संबंध पुष्कळदा विसरला. राजपूत राजे दुखावले गेले होते. गावकऱ्यांना मराठी फौज म्हणजे आणखी एक संकट वाटे. भाऊसाहेब उत्तरेत पोहोचले तेव्हा या जुन्या बेबाक्यांचा भार त्यांच्या माथी आला.

पैशाची अवस्थाही बिकट होती. पुण्याहून मिळालेली रक्कम वाटेतच संपत आली. उत्तरेकडील वसुलातून मोहिमेचा खर्च भागेल अशी अपेक्षा होती. त्या वसुलाची जबाबदारी प्रामुख्याने बुंदेलखंड आणि अंतर्वेद म्हणजे गंगा-यमुनेमधील दुआब येथे अंमल पाहणाऱ्या गोविंदपंत बुंदेले यांच्यावर होती. हे मूळचे कोकणातले खेर घराण्यातील गृहस्थ. वय साठीच्या पुढे गेलेले, शरीर स्थूल, घोड्यावर बसणे कठीण. भाऊसाहेबांनी त्यांना पत्रामागून पत्रे लिहिली. राहिलेली बाकी भरा, यमुना उतरण्यासाठी नावा जमवा, धान्य पाठवा, शत्रूच्या मुलखात धामधूम करा, अशी त्या पत्रांतील मागणी असे. पुण्याच्या फडावर बसून ज्या कडक स्वरात ते हिशेब मागत, तोच स्वर येथेही होता. पण त्या मुलखातील जमीनदार अबदालीच्या आगमनाने शिरजोर झाले होते आणि वसूल देत नव्हते. वहीतील बाकी खरी होती. ती वसूल होण्याजोगी मात्र उरली नव्हती.

जुलैमध्ये फौज आग्र्याजवळ आली तेव्हा यमुनेला पूर आला होता. दुआबात उतरता आले नाही. त्याच दुआबापलीकडे अवधचा नवाब शुजाउद्दौला अबदालीला जाऊन मिळाला. भरतपूरचा जाट राजा सूरजमल या वेळी मराठ्यांबरोबर होता. कुटुंबकबिला आणि जड सामान मागे ठेवावे, सडी फौज घेऊन जुन्या मराठी पद्धतीने शत्रूची रसद तोडावी, अशी सूचना त्याने आणि मल्हारराव होळकरांनी केल्याचे सांगितले जाते. भाऊसाहेबांचा विश्वास इब्राहीमखानाच्या तोफखान्यावर होता आणि उदगीरचा विजय ताजा होता. ती सूचना मानली गेली नाही. बखरकारांनी या प्रसंगावर गर्वाचे रंग बरेच चढवले आहेत. पण एवढ्या माणसांना परक्या मुलखात कोणाच्या भरवशावर ठेवावे, ही भाऊसाहेबांची अडचणही खोटी नव्हती.

२ ऑगस्ट १७६० रोजी मराठ्यांनी दिल्लीचा किल्ला घेतला. राजधानी हाती आली, पण तिची तिजोरी रिकामी होती. अबदालीच्या स्वाऱ्यांनी ती आधीच लुटली होती. फौजेचा पगार थकलेला. अखेर लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडण्यात आली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये मिळाले. एवढ्या मोठ्या फौजेला ते महिनाभरही पुरले नाहीत. सूरजमल या सुमारास मराठ्यांना सोडून आपल्या राज्यात परतला. त्याच्याबरोबर दक्षिणेकडून धान्य येण्याचा एक भरवशाचा मार्ग सैल झाला.

दिल्लीत धान्यही नव्हते आणि चाराही नव्हता. म्हणून भाऊसाहेब ऑक्टोबरमध्ये उत्तरेस कुंजपुऱ्याकडे वळले. कर्नाळजवळ यमुनेकाठी असलेल्या या गढीत अबदालीसाठी धान्य आणि द्रव्य साठवलेले होते. १७ ऑक्टोबरला इब्राहीमखानाच्या तोफांनी गढी फोडली. गव्हाची कोठारे, घोडे आणि रोकड मराठ्यांच्या हाती लागली. शत्रूचे अन्न काढून घ्यावे आणि त्यावर आपली फौज पोसावी, हा युद्धशास्त्रातील जुना धडा येथे उत्तम रीतीने गिरवला गेला. कित्येक महिन्यांनंतर छावणीत लोक पोटभर जेवले.

यमुनेचा पूर अजून पुरता ओसरला नव्हता. पैलतीरावरून अबदाली कुंजपुऱ्याचा पाडाव पाहत हतबल उभा होता. पण २५ ऑक्टोबरच्या सुमारास त्याने बागपतजवळ उतार शोधला आणि फौज नदीपार केली. त्या घाटावर मराठ्यांची पुरेशी नजर नव्हती. ही बातमी कळताच भाऊसाहेब मागे फिरले आणि पानिपतास आले. तोवर अबदाली त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला होता.

येथे नकाशा डोळ्यांसमोर आणणे जरूर आहे. मराठे उत्तरेला, अफगाण दक्षिणेला आणि पूर्वेला यमुना. अबदालीने मराठ्यांचा दिल्लीकडचा, आणि दिल्लीमार्गे दक्षिणेकडचा, रस्ता बंद केला. तसा मराठ्यांनीही अबदालीचा अफगाणिस्तानकडचा रस्ता बंद केला होता. वरवर पाहता दोघेही सारख्याच कोंडीत सापडले होते. फरक होता तो यमुनेच्या पलीकडच्या मुलखाचा. दुआब आणि रोहिलखंड ही नजीबखान आणि इतर रोहिले सरदारांची भूमी. तेथील शेते सुपीक होती आणि तेथून नदीपार होऊन धान्य अबदालीच्या छावणीत येऊ शकत होते. मराठ्यांच्या पाठीशी पंजाब होता. पतियाळाचे सरदार आलासिंग यांनी सुरुवातीला धान्य पाठवले. पण तो आधार दूरचा आणि पातळ होता.

मराठ्यांनी पानिपत गावाभोवती रुंद खंदक खणला, मागे तोफा मांडल्या आणि ते वाट पाहू लागले. आज हा निर्णय चुकीचा वाटतो. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो तसा नव्हता. त्या दिवसांत टंचाई अबदालीच्या छावणीत होती. पीठ तेथे महाग झाले होते. गोविंदपंत दुआबात शिरून रोहिल्यांची गावे उद्ध्वस्त करतील, धान्याचे तांडे अडवतील, मग अबदालीची फौज उपाशी मरेल आणि मागे फिरेल किंवा मोडलेल्या स्थितीत लढेल, असा भाऊसाहेबांचा हिशेब होता. भूक हे शस्त्र त्यांनीच आधी उगारले होते. त्या क्षणी पुढे होऊन लढाई दिली असती तर निकाल वेगळा लागला असता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

नोव्हेंबर सरत आला तसे पारडे फिरू लागले. अबदालीने शहापसंदखान याच्या हाताखाली निवडक घोडेस्वारांची गस्त नेमली. हे स्वार दिवसरात्र पानिपतभोवती फिरत आणि येणारे तांडे लुटत. बंजारी व्यापारी नफ्यासाठी धोका पत्करतो, पण बैल आणि जीव दोन्ही जाणार असतील तर तो दुसरा बाजार शोधतो. तांडे येईनासे झाले. ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. भाऊसाहेबांचा तो उजवा हात होता.

गोविंदपंतांनी आपल्या परीने प्रयत्न केला. या थकलेल्या माणसाने दुआबात शिरून मेरठच्या आसपास धामधूम केली आणि त्याचा परिणाम अबदालीच्या छावणीत जाणवलाही. तेव्हा अबदालीने अताईखान नावाच्या सरदाराला नुकत्याच आलेल्या ताज्या दमाच्या तुकडीसह रवाना केले. डिसेंबरच्या उत्तरार्धात गाझियाबादजवळ गोविंदपंतांच्या छावणीवर अचानक छापा पडला. त्यांना वेळेवर घोड्यावरही चढता आले नाही. त्यांचे शिर कापून अबदालीकडे नेण्यात आले आणि त्याने ते भाऊसाहेबांकडे पाठवले. एका वृद्ध कमाविसदाराबरोबर मराठ्यांचा सगळा डाव संपला. त्यानंतर दुआबाचे धान्य विनाअडथळा अफगाण छावणीत जाऊ लागले. ज्या गोविंदपंतांना बाकीसाठी इतकी कडक पत्रे गेली होती, त्यांच्याशिवाय दुसरा कोणीही ते काम करू शकणार नव्हता, हे आता उघड झाले.

पानिपतच्या छावणीतील पुढचे दिवस कल्पनेपलीकडचे होते. दक्षिणेतल्या लोकांना उत्तरेतील थंडीची सवय नव्हती आणि अंगावर पुरेसे कपडे नव्हते. सरपण मिळेना. लाकूडफाटा आणि वैरण आणण्यासाठी रात्री चोरून बाहेर पडलेले बुणगे अफगाण गस्तीच्या हाती सापडले आणि हजारोंनी कापले गेले. घोड्यांना पाला आणि झाडांच्या साली घालण्यात आल्या. जनावरे पटापट मरू लागली. त्यांच्या सांगाड्यांची दुर्गंधी छावणीवर पसरली आणि आजार फैलावले. पानिपत गावातील लोकही त्याच खंदकाच्या आत अडकलेले होते. त्यांच्या घरातील धान्य संपले, तेव्हा त्यांची उपासमार लिहून ठेवायला कोणी बखरकार नव्हता.

पैसा संपला तेव्हा छावणीतच टाकसाळ घालण्यात आली. सरदारांनी आणि बायकांनी अंगावरचे सोन्यारुप्याचे दागिने काढून दिले आणि ते आटवून नाणी पाडली गेली. पण धान्यच नसेल तर नाणे चावता येत नाही. दिल्लीस नारो शंकर यांच्याकडे थोडे द्रव्य होते. ते आणण्यासाठी पराशर दादाजी तीनशेच्या आसपास स्वार घेऊन गेला. जानेवारीच्या आरंभी, दाट धुक्यात आणि अंधारात, परतताना वाट चुकून ही तुकडी मराठी छावणी समजून थेट अफगाण छावणीत शिरली. मराठी बोलणे ऐकताच शत्रूने सर्वांना घेरले. जवळजवळ सगळे मारले गेले आणि द्रव्यही गेले.

भाऊसाहेबांनी तहाची बोलणी चालवली. शुजाउद्दौला त्यास अनुकूल होता. नजीबखान मात्र ठाम विरोधात होता. मराठे उपासमारीने वाकले आहेत, अशा वेळी त्यांना सोडले तर ते पुन्हा उभे राहतील, हा त्याचा मुद्दा अबदालीला पटला. भुकेल्या शत्रूशी तह करण्याची कोणाला निकड नसते.

१३ जानेवारीला सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांच्या डेऱ्यापुढे जमले. दोन दिवसांपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. कुजून मरण्यापेक्षा लढून मरू द्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. भाऊसाहेबांनी ते मान्य केले. कोठारात उरलेले शेवटचे धान्य त्या रात्री सर्वांना वाटण्यात आले.

दुसऱ्या दिवशी, पौष शुद्ध अष्टमी, बुधवारी, पहाटेच फौज बाहेर पडली. कुटुंबांना आणि बुणग्यांना मध्ये घेऊन चौकोनी रचनेत यमुनेच्या रोखाने सरकायचे आणि वाट फोडून दिल्लीकडे जायचे, अशी योजना होती. सकाळी इब्राहीमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली. मध्यभागी भाऊसाहेब आणि विश्वासराव यांनी वजीर शहावलीखानाच्या फौजेला मागे रेटले. दुपारपर्यंत विजय मराठ्यांकडे झुकलेला दिसत होता. पण महिनाभर पाल्यावर काढलेले घोडे दुपारनंतर दौडेनात. माणसांना पाणी मिळाले नव्हते. अबदालीने राखून ठेवलेले, पोटभर खाल्लेले ताज्या दमाचे स्वार नेमके त्या वेळी सोडले. उंटांच्या पाठीवरील जंबुरके नावाच्या छोट्या तोफांनी मराठ्यांची दाटी भाजून काढली.

तिसऱ्या प्रहरी विश्वासराव गोळी लागून पडला. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसून गर्दीत शिरले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. त्यानंतर भाऊसाहेबांना कोणी जिवंत पाहिल्याची खात्रीलायक माहिती नाही. पुढे त्यांचे म्हणून ओळखलेले शव सापडले. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या हिंदू मंडळींनी मध्यस्थी करून त्याला अग्नी देण्याची व्यवस्था केली. इब्राहीमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि ठार मारला गेला. छावणीतील हजारो स्त्रिया आणि मुले गुलाम म्हणून नेली गेली. भाऊसाहेबांचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते.

जे वाचले ते अनवाणी, उघडे आणि उपाशी दक्षिणेकडे पळत सुटले. वाटेत गावकऱ्यांनीही त्यांना लुटले. त्यांना पहिला आश्रय मिळाला तो भरतपूरच्या राज्यात. सहा महिन्यांपूर्वी मराठ्यांना सोडून गेलेल्या सूरजमलाने आणि त्याच्या राणीने या हजारो लोकांना कित्येक दिवस जेवू घातले, कपडे दिले, जखमींवर उपचार केले आणि पुढच्या वाटखर्चाची सोय केली. भाऊसाहेबांची पत्नी पार्वतीबाई आणि पुढे पेशवाईचे प्रसिद्ध कारभारी झालेले तरुण नाना फडणवीस हे या वाचलेल्यांपैकी होते. पती गेले असे पार्वतीबाईंनी कधीच मानले नाही. १७८३ मध्ये त्या निवर्तल्या, तोवर सुवासिनी म्हणूनच राहिल्या. मधल्या काळात भाऊसाहेब म्हणवणारा एक तोतया निघाला, अनेकांना त्याने भुलवले आणि १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. २४ जानेवारीच्या सुमारास ते भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, असताना एका सावकाराचा कासीद त्यांच्या हाती लागला. त्याच्याजवळील पत्र व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत होते. त्यात कोणाचे नाव नव्हते. किती मोती गळाले, किती मोहरा हरवल्या आणि रुप्या-तांब्याचा खुर्दा किती गेला याची तर गणतीच नाही, एवढाच मजकूर होता. आयुष्यभर जमाखर्च पाहिलेल्या भावाच्या आणि पोटच्या मुलाच्या मृत्यूची बातमी नानासाहेबांना अशी हिशेबाच्या भाषेत मिळाली. ते पुण्यास परतले आणि त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वती येथे त्यांचे निधन झाले.